घर वरून कसं दिसते

आमच्या घराण्यात विमानात बसलेला पहिला माणूस मी, आणि त्याबद्दल घरात अजून कोणी एक चांगला शब्द काढलेला नाही.

स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. मी हिंगणघाटला कापसाच्या एका जिनिंगमध्ये कारकून होतो. आमच्या शेटजींनी हैदराबादच्या कामासाठी नागपूरहून विमानाचं तिकीट काढलं आणि त्याच दिवशी त्यांच्या पोटात गोळा आला. (दुखण्याचा नव्हे, भीतीचा.) म्हणाले, तू जा.

घरी सांगितलं तर आई रडली, बायको रुसली. दोन दिवसांनी जेवताना बाबा म्हणाले, "हे घर मी बांधलं. खालून पाह्यलं, आतून पाह्यलं. वरून कसं दिसते, थे मले माहीत नाई. तू पाहून सांगजो."

उभ्या जन्मात त्यांनी माझ्याकडे दुसरं काही मागितलं नव्हतं. मी छाती फुगवून हो म्हटलं.

मग कोणती खिडकी धरायची याचा खल सुरू झाला. भाऊजींनी, म्हणजे थोरल्या बहिणीच्या यजमानांनी (यांनी विमानतळ कुंपणाबाहेरून पाहिलेला, म्हणून तज्ज्ञ), ओसरीवर कोळशानं नकाशा काढला. दक्षिणेकडे निघालं की गाव उजव्या हाताला, तेव्हा उजवी खिडकी. बाबा म्हणाले, मागे नको, मोटारीत मागे गचके बसतात. आई म्हणाली, पुढेही नको, टक्कर झाली तर! आकाशात कशाशी टक्कर होणार, हे विचारायची ताकद माझ्यात उरली नव्हती. उजवीकडे मधोमध बसायचं ठरलं, पण तेच पुढे आठ दिवस रोज नव्यानं ठरत होतं. विमान बघण्याआधीच मी दमलो.

विमानात जागांना नंबर नव्हते. आपल्याला मोटारीची सवय: खिडकीतून रुमाल टाकायचा की जागा आपली. मी विमानाखाली धावलो, रुमाल उगारला, तर खिडकी उघडेचना. तिथल्या शिपायानं दंडाला धरून मला शिडीकडे नेलं. तरी दोन सुटाबुटातल्यांना कोपरानं मागे सारून मी उजवीकडची मधली खिडकी पटकावलीच.

विमान उडालं. मी बाहेर पाहिलं. बाहेर पंख होता.

चांगला खाटेएवढा रुंद, चकचकीत पंख. वेणा नदी, हिंगणघाट, आमचं घर, सगळं त्याच्या खाली. काचेला नाक लावलं, मान वाकडी केली, पंखावरचे खिळे तेवढे दिसले. मागच्या खिडकीशी एक गृहस्थ घोरत होते. त्यांना हलवून मी घराची सगळी हकिकत सांगितली. ते कूस बदलून पुन्हा झोपले, आता डोकं बरोब्बर काचेवर. विमानातल्या बाईंना विनवलं, तर त्यांनी मला पेपरमिंटची गोळी दिली. ती विरघळेपर्यंत गाव मागे गेलं. मला खरोखर रडू आलं.

हैदराबादहून बाबांना काय लिहावं? खरं लिहिणं जिवावर आलं. कार्ड टाकलं: "घर साफ दिसलं. कवेलू एका रांगेत, लालभडक. अख्ख्या गावात आपलंच घर उठून दिसते."

पंधरा दिवसांनी आगगाडीनं परत आलो, तर बाबा कार्ड हातात घेऊन ओसरीवर बसलेले. मी छपरावरच्या कौलांकडे बघून पुन्हा तेच कौतुक सुरू केलं. बाबांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

मग शांतपणे म्हणाले, "तू वरून पाहणार, म्हणून मी सारे कवेलू फेरून नीट लावायले उतरवले. त्या दिवशी ते चढवायले मजूर आलेच नाई. तुहं विमान गेलं तवा घरावर एक बी कवेलू नव्हता. मी आत खाटेवर उभा राहून तुले हात दाखवून राह्यलो होतो."

आता इतकी वर्षं झाली. मी बाजारातून वांगी आणतो, ताजी आहेत म्हणून सांगतो. बायको पिशवीत हातही घालत नाही, आधी विचारते, "सोता पाह्यली, की खिडकीतून?"