नऊ जणांची यादी

चंद्रपूरजवळच्या एका कोळसा खाणीच्या ऑफिसात मी प्रोग्रामर होते. आमचा कॉम्प्युटर कपाटाएवढा, जुना, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं दाखवणारा. माणूस खाणीत उतरताना बत्तीघरातून आपल्या नंबराचा, डोक्यावर लावायचा दिवा घ्यायचा आणि मशीनला कार्ड लावायचा. वर आला की दिवा परत करून पुन्हा कार्ड लावायचा. बत्तीघरातला प्रोग्राम दर वेळी एक निरोप डेटा क्यूमध्ये, म्हणजे निरोपांच्या रांगेत, टाकायचा. ऑफिसातला दुसरा प्रोग्राम तो उचलायचा आणि खाली कोण कोण आहे त्याची यादी दुरुस्त करायचा. या रांगेतला निरोप एकदा कुणी उचलला की संपला. दुसऱ्या कुणाला तो मिळत नाही.

त्या दिवशी मी नवा प्रोग्राम तपासत होते. चाचणीसाठी वेगळी रांग होती, त्याच नावाची, फक्त दुसऱ्या लायब्ररीत, म्हणजे कॉम्प्युटरातल्या वेगळ्या कप्प्यात. लायब्ररी बदलायची मी विसरले. दुपारी पहिली पाळी सुटली आणि माझ्या पडद्यावर नंबर यायला लागले. मला वाटलं, हे मीच टाकलेले चाचणीचे नंबर. काम जमलं म्हणून मी डबा उघडला.

डबा संपायच्या आत भोंगा वाजला. खाली छत कोसळलं होतं.

दुसरी पाळी उतरायची होती, ती वरच थांबवली. मॅनेजर साहेबांनी यादी छापायला लावली. नऊ नंबर निघाले. बचाव पथकात माणसं थोडी. नऊ जणांच्या कामाच्या जागा वेगवेगळ्या, म्हणून पथक वाटून खाली गेलं. यादीची दुसरी प्रत माझ्या हातात राहिली. त्यात चौथा नंबर पहिल्या पाळीत असलेल्या माझ्या दादाचा होता.

खाली असलेल्या माणसाचा मोबाइल लागत नाही हे माहीत असून मी त्याला फोन लावला. तिसऱ्या घंटीला दादानं उचलला.

"मी तं घरी हाओ. जेवून राह्यलो. काऊन?"

मी रडायला लागले. आणि रडता रडताच माझी नजर पडद्यावर गेली. तिथं शेवटच्या ओळीत दादाचाच नंबर होता. वर आलेल्यांचे निरोप माझ्या प्रोग्रामनं खाल्ले होते. काही मूळ प्रोग्रामला मिळाले, काही मला. माझ्याकडे आलेले मी कुठं साठवलेही नव्हते. पडद्यावर उरले होते तेवढेच, पाच. बाकीचे वर सरकून गेले होते.

मी साहेबांकडे धावले. "यादी चूक आहे साहेब. माझी चूक आहे."

त्यांनी यादीवर बोट ठेवलं. "मंग खाली खरंच कोण हाय?"

"माहीत नाही."

पाच नंबर सुटले, चार उरले. बत्तीघरात कॉम्प्युटर आल्यापासून कुणी पाटीवर लिहीत नव्हतं. बत्तीघर सांभाळणारे म्हातारे, त्यांना सगळे भाऊ म्हणत, परत आलेला एकेक दिवा काढून त्याच्या बुडाचा नंबर मोठ्यानं वाचत होते आणि मी यादीशी ताडून बघत होते. फाटकाशी बायका जमल्या होत्या. एकीनं बत्तीघराच्या खिडकीची जाळी धरली होती. "बाई, माह्या नवऱ्याचा दिवा आला काय? नंबर पाहा ना, बाई!"

तिनं नंबर सांगितला. त्या चारांतलाच होता. भाऊंनी शेवटचा दिवा ठेवला तेव्हा त्या चारांतले तीन दिवे सापडले होते. तिच्या नवऱ्याचा नव्हता. मी तिच्याकडे वर बघू शकले नाही. तिला तेवढ्यावरूनच कळलं.

साहेबांनी खाणीतल्या तारेच्या टेलिफोनवरून पथकाला कळवलं: एकच माणूस, अमुक जागी. पथक बाकीच्या जागा शोधत होतं, त्या बाजूला अजून कुणी पोचलंच नव्हतं. भोंग्यापासून तोवर पस्तीस मिनिटं गेली होती.

तो जिवंत निघाला. नागपुरात त्याचा डावा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. आधी पोचले असते तर पाय वाचला असता का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "सांगता येत नाही." कुणी तरी हो किंवा नाही म्हणावं यासाठी मी आणखी दोघांना विचारलं.

चौकशीत मी सगळं लिहून दिलं. मला त्या कामावरून काढून स्टोअरला बसवलं. दोन महिन्यांनी तो दवाखान्यातून घरी आल्यावर मी त्याच्या गावी गेले. तो खाटेवर बसला होता. मी रांग, निरोप, लायब्ररी, सगळं सांगत गेले. त्यानं मधेच थांबवलं.

"मले ते काई समजत नाई. तुमच्यानं किती येळ गेला, ते सांगा."

"पस्तीस मिनिटं."

त्यानं मांडीवरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाला, "मी आवाज देऊन राह्यलो होतो."

त्याची बायको दारात आली. चहाचा कप तिच्या हातात होता, तो तिनं मला दिला नाही. "बाई, आता तुम्ही जा," ती म्हणाली.

मी उठले. बस दोन तासांनी होती. गावाबाहेरच्या थांब्यावर उन्हात बसून राहिले.