परत केलेली सात पुस्तकं

खरं तर हा किस्सा मी सांगूच नये. पण मी नाही सांगितला तर आमची घरमालकीण लक्ष्मम्मा सांगते, आणि ती तिखटमीठ लावून सांगते. त्यापेक्षा माझी फजिती माझ्याच तोंडून ऐका. चहा घ्या आधी, निवेल.

हैदराबादेत काचीगुड्याला स्टेशनाच्या मागच्या गल्लीत आमचं बिऱ्हाड. वरच्या मजल्यावर दोन घरं, एक माझं आणि एक कमळचं. खाली लक्ष्मम्मा. कमळ माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान, पण दोघींचं माहेर परभणीकडचं, दोघींच्या बापांची कपाशीची शेतं. परमुलखात एवढं नातं सख्ख्या बहिणीच्या वरताण असतं. तिच्या भाजीत मीठ जास्त पडलं तर मला भिंतीतून कळायचं. कसं म्हणून काय विचारता? माधवराव जेवताना तीनदा पाणी मागायचे!

माधवराव म्हणजे कमळचे यजमान, सरकारी दप्तरात कारकून. आणि शशी त्यांची एकुलती एक, नऊ वर्षांची. मला मूलबाळ नाही. त्यामुळे शशी जेवायची तिकडे आणि राहायची इकडे. मला मावशी म्हणायची.

ते वर्ष होतं हैदराबाद राज्याचे भाषेप्रमाणे तीन वाटे व्हायचं. मराठी मुलूख मुंबईकडे जाणार, कानडी म्हैसूरकडे, आणि आमचं हे शहर तेलुगू राज्यात. सरकारी नोकरांना विचारत होते, बाबांनो, तुम्ही कुठे जाणार? माधवरावांकडेही तो कागद आला होता. माझे हे रेल्वेत. “इंजिनाच्या शिट्टीला भाषा नसते, आपण इथेच,” असं म्हणून हे पुन्हा पेपरात तोंड घालून बसले.

गल्लीतली मराठी घरं एकेक करून उठू लागली. कोण जाणार ते मला मात्र सगळ्यांच्या आधी कळायचं. कोपऱ्यावर आमचं मराठी वाचनालय होतं ना? जाणारं घर सामान बांधायच्या आधी पुस्तकं परत करायचं आणि नाव कमी करून घ्यायचं. ट्रंका नंतर, पुस्तकं आधी! मी गॅलरीत धान्य निवडत बसायची आणि कोण किती पुस्तकं घेऊन गेलं, रिकाम्या हाताने आलं का, बघायची. तीन घरं मी अशी आधी ओळखली. तीनही वेळा आठवड्याच्या आत दारात टांगा!

मग पुढचं कामही माझंच. बायका गोळा करायच्या, ओटी भरायची, गाडीसाठी दशम्या बांधून द्यायच्या. हे म्हणायचे, “दिल्लीला मंत्र्यांकडे खाती असतात तसं तुझ्याकडे ओटीखातं.”

आता वाचनालयाचं ऐका. ते चालवायचे मुळे मास्तर. आदल्या उन्हाळ्यात पलीकडच्या गल्लीतला एक पोरगा बावडीत बुडाला. बावडी म्हणजे आमच्याकडची पायऱ्यांची विहीर. त्याला काढायला त्याच्या मित्राने उडी मारली, तोही गेला. दोघांच्या नावावर वाचनालयाची पुस्तकं होती, ती त्यांच्या बापांनी आणून दिली. मास्तरांनी ते मनाला लावून घेतलं. मे महिन्याच्या सुट्टीत मुलांचा वाचनवर्ग भरायचा, त्यात त्यांनी एक तास वाढवला. पहिला तास गोष्टींचा, दुसरा पाण्याचा.

पाण्याच्या तासाला पाणी नव्हतं बरं का! वाचनालयातली निळी सतरंजी म्हणजे बावडी. मास्तरांनी स्वतः ठळक अक्षरांत धडे लिहिले होते, ते मुलांनी मोठ्याने वाचायचे. एकट्याने पाण्यात जायचं नाही. शेवाळावर पाय द्यायचा नाही. कोणी बुडत असेल तर ओरडून माणसं गोळा करायची, काठावरून दोर, काठी, लुगडं जे असेल ते टाकायचं, पण स्वतः उडी मारायची नाही. का? बुडणारा माणूस वाचवणाऱ्याला मिठी मारतो आणि दोघं तळाला जातात. पोरं तालावर म्हणायची,

“आधी हाक, मग दोर टाक, उडी नको, काठ राख!”

शशीला सोडायला मी जायची. नुसती सोडून येणाऱ्यातली मी नव्हे, दारात उभी राहून सगळा धडा ऐकायची. मास्तर एक दिवस म्हणाले, “अक्का, उभ्याच आहात तर बुडा जरा.”

बुडले! सतरंजीच्या मधोमध बसून हात हलवू लागले. पोरांनी दोर टाकला, मी धरला, सहा पोरांनी जोर लावला. सतरंजी आली, मी आले नाही. दुसऱ्यांदा जोर लावला आणि माझ्या कंबरेत जी कळ आली म्हणता! चार दिवस पाठीला विटेचा शेक घेत पडून होते. ते चार दिवस वाचनालयात काय ठरलं, काय नाही, मला काही कळलं नाही. सगळा घोटाळा तिथेच झाला.

पाचव्या दिवशी कशीबशी गॅलरीत येऊन बसले. बघते तर काय? कमळ आणि शशी खाली चाललेल्या, कमळच्या हातात फडक्यात बांधलेली पुस्तकं. मोजली. सात! आणि अर्ध्या तासाने दोघी परत आल्या त्या रिकाम्या हाताने. शशीचे डोळे रडून लाल.

मी धान्याचं सूप बाजूला सारलं.

मी स्वतःला म्हटलं, गंगे, घाई करू नको, पुरावा बघ. पुरावा काय, रांगच लागली! दुपारी कमळने नवाकोरा काथ्याचा दोर आणला. संध्याकाळी रॉकेलचा डबा धुऊन नेला आणि त्याचं तोंड झाळून, पक्कं बंद करून आणला. आता झाळलेला डबा कशाला लागतो? गाडीत लोणचं सांडू नये म्हणून! रात्री भिंतीपलीकडे लुगडं फाडल्याचा आवाज आला. सामान बांधायच्या पट्ट्या! अजून काय पाहिजे?

तुम्ही म्हणाल, अगं बाई, शेजारी राहतेस, विचार ना सरळ. तेच तर! जिने आयुष्यभर लोकांच्या घरी उरलेल्या भाकऱ्यांची चौकशी केली, तिच्या तोंडून हा एक प्रश्न निघेना. कमळ अंगणात भेटली, मी विचारलं, “डाळ शिजली का?” जिन्यात भेटली, विचारलं, “उकडतंय, नाही?” विचारलं असतं आणि ती हो म्हणाली असती, तर? शशी नसलेली दुपार कशी असते, ते मला माहीत करून घ्यायचं नव्हतं.

तिला विचारलं नाही, पण बाकी सगळ्या गल्लीला सांगितलं. लक्ष्मम्मा म्हणाली, “अक्का, ये लोगां भी जारे क्या?” मी डोळ्याला पदर लावला. तेवढ्यावर तिने दुसऱ्या दिवशी खोल्या बघायला एक नवीन बिऱ्हाड आणलं! कमळ पोळ्या लाटतेय आणि एक अनोळखी बाई तिच्या मोरीत डोकावतेय. दूधवाल्याने आपणहून विचारलं, “अम्मा, दूध कब से बंद करूं?” कमळ गप्प गप्प होत गेली. मला वाटलं, जायचं दुःख असणार. मी अजूनच रडले.

शुक्रवारी संध्याकाळी मी ओटीखातं उघडलं. हे म्हणाले, “अगं, माधवराव मला काही बोलले नाहीत.” मी म्हटलं, “पुरुषांना गाडी सुटल्यावर कळतं.” दुखऱ्या कंबरेने चाळीस पुरणपोळ्या लाटल्या. अकरा बायका जमवल्या आणि कमळचं दार वाजवलं.

दार उघडलं. केस मोकळे, हातात तेलाची वाटी. समोर अकरा ताटं, अकरा नारळ.

“अक्का, हे काय?”

“काही बोलू नको, कमळ. पाटावर बस. बोललीस तर मला धीर राहायचा नाही.”

आता ओटी कोणी नाकारतं का? दारात आलेली ओटी सवाष्ण कधी परत पाठवत नाही. कमळ पाटावर बसली. एकेकीने कुंकू लावलं, तांदूळ घातले, खण घातला. लक्ष्मम्माने तर “वहाँ जाके भूलना नक्को” म्हणून गळाच काढला. माधवराव आतल्या दारात उभे राहून बघत होते. पदरातला नारळांचा ढीग सांभाळत कमळ एकेकीच्या तोंडाकडे बघत होती, काहीतरी शोधत असल्यासारखी. शेवटी मी वाकले आणि तिला अशी घट्ट मिठी मारली की दोघी नारळांसकट जमिनीवर!

तेवढ्यात जिन्यात धाडधाड पावलं वाजली. शशी आत आली. अंगावर ओला परकर, केसांतून पाणी, आणि पाठीला दोराने नि लुगड्याच्या पट्ट्यांनी बांधलेला तो झाळलेला डबा!

“आई! मी तरंगले! मावशी, मी बावडीत तरंगले! पोहायला शिकवणारे चाचा म्हणाले, उद्या डबा काढून बघू!”

शशीच्या परकराचं पाणी ओटीच्या सांडलेल्या तांदळांवर टपटपत होतं.

“शशे,” मी म्हटलं, “पुस्तकं का गं परत केलीस?”

“मास्तरांनी सांगितलं, जो पाण्याला हात लावणार त्याने आधी पुस्तकं जमा करायची. मागच्या वेळेसारखी कुणाच्या बापाने आणून द्यायला नकोत म्हणाले. माझी तर एक गोष्ट अर्धीच राहिली!” आणि तिने पुन्हा भोकाड पसरलं.

अकरा बायकांनी माझ्याकडे बघितलं. मग लक्ष्मम्मा हसली. मग सगळ्या हसल्या. खोल्या घेणारीला काय सांगू म्हणून लक्ष्मम्मा हसता हसता कपाळ बडवत होती. मीही हसले, काय करणार? पुरणपोळ्या तिथेच बसून संपवल्या.

किस्सा इथे संपला असता तर मी जास्त मोठ्याने सांगितला असता.

सगळ्या गेल्यावर मी ताटं उचलत होते. कमळ अजून पाटावरच बसलेली. म्हणाली, “अक्का, आम्ही राहायचं ठरवत होतो.”

“म्हणजे?”

“महिनाभर तो कागद ट्रंकेत पडून आहे. हे म्हणायचे जाऊ, मी म्हणायचे राहू. मी यांना काय सांगत होते ठाऊक आहे? इथली माणसं आपल्याला जाऊ द्यायची नाहीत, बघा तुम्ही.” तिने पदरातला एक नारळ खाली ठेवला. “आज अकरा जणी आल्या, अक्का. सगळ्या रडल्या. पण जाऊ नको असं एक जण म्हणाली नाही. तुम्हीसुद्धा नाही.”

आता काय सांगू तुम्हाला? गल्लीत सगळ्यात जास्त बोलणारी बाई मी, आणि नेमके तेच दोन शब्द बोलायचे राहिले होते. तेव्हा तरी म्हणावं की नाही? पण घशातून आवाज निघेना. “ताटं घासून आणते,” असं म्हणून मी बाहेर पडले. ताटं घासायला!

माधवरावांनी आठवड्याने कागद भरला. औरंगाबाद.

दिवाळीच्या आधी ती गेली. एकाच निरोपाची ओटी दोनदा भरत नाहीत म्हणून मी स्टेशनवर रिकाम्या हाताने गेले. शशी खिडकीत बसली होती, कमळ तिच्या मागे. गाडी हलली आणि माझा तो अडकलेला आवाज एकदम सुटला. अख्खा फलाट वळून बघेल असा मी टाहो फोडला, “कमळ, जाऊ नको गं!”

शशीने खिडकीतून मान बाहेर काढली आणि रडता रडता ओरडली, “मावशी, हाक आधी मारायची असते!”

धडा पक्का होता पोरीचा.

ती अर्धी राहिलेली गोष्ट? त्या ओटीच्या दुसऱ्याच दिवशी मी वाचनालयात माझं नाव घातलं आणि तिचं ते लाल पुठ्ठ्याचं पुस्तक शशीसाठी काढून आणलं होतं. जायच्या घाईत तिची गोष्ट पुन्हा अर्धीच राहिली. पानाचा कोपरा तिने दुमडून ठेवलाय. मी चौथी शिकलेली, अडखळत वाचते, पण त्या कोपऱ्यापर्यंत आले आणि थांबले. पुढे शशी वाचणार, मग मी.

मुळे मास्तर रस्त्यात भेटले की विचारतात, “अक्का, पुस्तक कधी परत करताय?” मी म्हणते, “वाचतेय हो, मास्तर. परत केलं तर गल्ली म्हणेल, ही पण निघाली.”

खरी भीती वेगळीच आहे, तुम्हाला म्हणून सांगते. समजा, मी पुस्तक परत केलं आणि ओटी घेऊन कोणीच दारात आलं नाही, तर? या गल्लीत बायका गोळा करायचं काम एकटी मीच करत होते ना!