न थांबणारी घंटी

लग्नाआधी मी लोणावळ्याजवळच्या एका धरणाच्या कचेरीत टायपिस्ट होते. साठ-पासष्टचा सुमार. कचेरीपासून धरणापर्यंत एकच तार, आणि सगळे फोन तिच्यावरच. कुणीही फोनचा दांडा फिरवला की सगळीकडे वाजायचं, म्हणून कोणाला बोलावलंय ते घंटीवरून ओळखायचं. एक लांब घंटी साहेबांची, दोन आखूड भांडाराच्या, तीन आखूड आमच्या. आणि न थांबता वाजत राहिली, तर धरणाचे दरवाजे उघडावे लागणार, ओढ्याकाठची वस्ती हलवा. ती घंटी मी कधी ऐकली नव्हती.

श्रावणात एका दुपारी ती वाजली.

आधी वाटलं, एक लांब आहे. साहेबांनी पेन खाली ठेवलं. घंटी थांबेना. त्यांनी रिसीव्हर उचलून "हॅलो, हॅलो" केलं, मग तो माझ्या कानाला लावला. आत माणूस नव्हता. नुसतं पाणी घोंघावत होतं.

"जीप काढा," एवढंच ते ड्रायव्हरला म्हणाले, आणि शिपायासकट तिघेही गेले. मला म्हणाले, "तुम्ही फोनपाशी थांबा."

रिसीव्हर ठेवला की घंटी परत सुरू. वर दरवाजांवर एक आबा असायचे, औंढे गावचे. पगाराच्या दिवशी खाली यायचे तेवढीच ओळख. तेच दांडा फिरवत असणार. "आबा, निरोप मिळाला! जीप गेली!" मी रिसीव्हरमध्ये ओरडून सांगितलं. पलीकडे नुसतं पाणीच. मीही इकडून दांडा फिरवून पाहिला. जरा थांबले, तर इकडची घंटी वाजतेच आहे. पुढे पुढे ती तुटक झाली, पण बंद होईना. मी खुर्ची दारात नेऊन बसले. बाहेर धुकं इतकं, की समोरचं फाटक दिसत नव्हतं. अंधारून आल्यावर घंटी एकाएकी थांबली, तेव्हा मला जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी आबा चालत खाली आले. उजवं मनगट सुजून टम्म झालं होतं.

"ऐकू आलं का न्हाई, मला कसं कळावं?" ते म्हणाले. "पाण्याम्होरं कायबी ऐकू येत नव्हतं. म्हनून फिरवतच ऱ्हायलो, हात चालंना तवर." मग साहेबांकडे बघून विचारलं, "समदी निघाली न्हवं?"

साहेबांनी ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हर म्हणाला, "एक म्हातारा ऱ्हायला, आबा. सगळ्यांच्या संगं वर आलता. म्हशीचं दावं सोडाया मागं फिरला."

आबा भिंतीला टेकून खाली बसले. "कुनाचा?" त्यांनी विचारलं. ड्रायव्हरनं घर सांगितलं. ते त्यांच्या ओळखीचं निघालं.

मी चहा आणला. सुजलेल्या हातानं त्यांना कप धरवेना, म्हणून मीच तो त्यांच्या तोंडाशी धरला. दोन घोट घेऊन त्यांनी मान फिरवली.