बाबामियाँच्या अंगातली रुतूबा

ओमानमधल्या सीबच्या जुन्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, ऊद, बखूरचा धूप आणि अत्तरं विकणारे बाबामियाँ सरखोत मूळचे दाभोळच्या खाडीकडचे. माणूस मोठा बोलका. चिमूटभर लोबान घ्यायला आलेलं गिऱ्हाईक त्यांच्या दुकानातून उदाची डबी घेऊन बाहेर पडायचं आणि वर त्यांनाच दुवा द्यायचं.

अल्लाने त्यांना सगळं दिलं होतं. बायको सफूरा, शाळेत जाणारी अफशा, गावाकडे चिऱ्याचं घर. आणि न मागता दिलेला एक्झिमा. मिसरूड फुटायच्या वयात कोपरांच्या खळग्यात सुरू झालेली खाज त्यांच्याबरोबरच मोठी झाली आणि पार बोटांपर्यंत पोचली. कातडी जाड व्हायची, तिला चिरा पडायच्या, लस यायची. स्किनच्या डॉक्टरांचं मलम लावलं की बरं वाटे. मलम थांबलं की खाज दुप्पट हौसेने माहेरी परतल्यासारखी यायची. कडुनिंबाचा पाला झाला, करंजेल झालं. इब्रीला दुकान असलेल्या कासम नावाच्या चुलतभावाने सुचवलं म्हणून उंटिणीचं दूधही झालं. ते त्यांनी इतकं घेतलं की सफूरा म्हणाली, "आता पाठीवर कुबड तेवढं यायचं राहिलंय."

असले हात गिऱ्हाइकासमोर कसे न्यायचे? म्हणून बाबामियाँ दुकानात पांढरे सुती हातमोजे घालत. एका ओमानी बाईने कारण विचारलं, तेव्हा त्यांनी डोळ्याची पापणी न लववता सांगितलं, "बीबी, एवढा उंची ऊद उघड्या हाताने धरत नाहीत. माणसाचा वास लागतो त्याला."

बाई खूश झाली, दुप्पट ऊद घेऊन गेली आणि बहिणींना सांगत सुटली. पाहता पाहता मोजेवाल्याचं दुकान म्हणून त्यांचं नाव झालं. दुकानाचे मालक अर्बाब सालिम तर इतके खूश झाले की मोज्यांची धुलाई त्यांनी दुकानाच्या खर्चात घातली.

अंगाची खाज मात्र कुणाच्या खर्चात जाईना.

त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर ज्ञानदा नावाची पुण्याची शिक्षिका राहायची. तिची आखडलेली मान मस्कतमधल्या एका चिनी डॉक्टरीणबाईंनी सुया टोचून मोकळी केली होती. त्या कातडीच्या रोगावर झाडपाल्याचे काढेही देतात, हे तिने जिन्यात सफूराला सांगितलं. सफूराने नवऱ्याला न विचारताच दिवस ठरवला.

"माझ्या अंगाला सुया?" बाबामियाँ भडकले.

"सुया नायत, काढा हाय. आणि सुया असल्या तरी तुमच्या नखांपेक्षा बऱ्या," सफूरा म्हणाली. विषय संपला.

डॉक्टर लिन साठीच्या, ठेंगण्या आणि गंभीर. ओमानात त्यांची हयात गेलेली. त्यांचं इंग्रजी कच्चं, बाबामियाँचं त्याहून कच्चं. पण दोघांचंही बाजारी अरबी सारखंच मोडकं, त्यामुळे बोलणं झकास जमलं.

"लिसान," बाई म्हणाल्या. म्हणजे जीभ दाखव.

जन्मभर ज्या अवयवावर पोट भरलं, तो बाबामियाँनी अभिमानाने बाहेर काढला. लिनबाईंनी वाकून पाहिलं, मग मनगटावर तीन बोटं ठेवून बराच वेळ नाडी पाहिली आणि मान हलवली.

"वाईट. फार रुतूबा."

बाबामियाँ चाटच पडले. ऑगस्टात सीबच्या किनाऱ्यावर हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटते, तिला ओमानी लोक रुतूबा म्हणतात.

"डॉक्टर, रुतूबा बाहेर आहे. इथे तर एसी लावलाय."

"बाहेर नाही, तुझ्या आत. पोटात रुतूबा, रक्तात उष्णता, कातडीत वारा."

बाबामियाँ सफूराकडे वळून मराठीत म्हणाले, "ऐकलंस? माझ्या अंगात अख्खं हवामान खातं भरलंय."

"कोकणातला माणूस, दुसरं काय निघणार?" सफूरा म्हणाली.

मग पथ्य सुरू झालं. अत्तर हाताला लावणं बंद. दारू बंद.

"ती आमच्यात आधीपासूनच बंद आहे," बाबामियाँ ऐटीत म्हणाले.

"मासळी बंद."

ऐट उतरली. "कुठली मासळी?"

"सगळी."

"कोळंबी?"

"पहिली कोळंबी."

"पण सुकट? ती तर वाळवलेली असते, डॉक्टर. तिच्यात रुतूबा कुठून येणार?"

लिनबाई हसल्या नाहीत. त्यांनी पुड्यांचा गठ्ठा पुढे सरकवला.

घरी आल्यावर सफूराने पहिली पुडी वर्तमानपत्रावर ओतली. साली होत्या, मुळ्या होत्या, ज्येष्ठमध तिने चटकन ओळखलं, शेवंतीसारखी सुकी फुलंही होती. आणि मग ती किंचाळली. मुळ्यांच्या मधोमध एक पोकळ, तपकिरी, सहा पायांचा किडा बसला होता.

बाबामियाँ धावत आले. त्यांनी तो उचलला, उजेडात धरला. "अगो, घाबरतेस काय! मे महिन्यात झाडावर बसून कान किटवणारा किडा नाय का? त्याची कात ही. लहानपणी काजूच्या खोडावरून काढून आम्ही सदऱ्याला बटणासारख्या लावायचो."

"सदऱ्याला लावा, पोटात कशाला? हलाल हाय का हे?"

"टोळ खाल्लेला चालतो."

"मग टोळाचा काढा आणा. हा टोळ नाय."

दुसऱ्या दिवशी सगळ्या पुड्या घेऊन दोघं पुन्हा मस्कतला. लिनबाईंना नवल वाटलं नाही. "ओमानी लोकसुद्धा हेच विचारतात," म्हणत त्यांनी चिमट्याने एकेक कात वेचून काढली, बदल्यात दुसरी एक मुळी टाकली आणि हात झटकले. "खलास."

ती दुसरी मुळी जात्याच उग्र असावी. मंद आचेवर काढा शिजू लागला की भिजलेल्या गोणपाटात जुनी चप्पल उकळावी तसा वास जिन्यातून खाली उतरायचा. अफशा नाक दाबून म्हणायची, "अब्बा, माझी फ्रेंड विचारली, तुमच्या घरात कोण मेला आहे?" तिचं मराठी असं अडखळत चालायचं, पण मुद्दा पोचायचा. दिवसभर उदाच्या धुरात वावरणारा माणूस सकाळी नाक मुरडत पेला तोंडाला लावायचा आणि नंतर गूळ मागायचा.

सफूराने आणखी एक शहाणपणा केला. नेहमीच्या स्किनच्या भारतीय डॉक्टरांपासून काही लपवलं नाही. ते रागावतील असं बाबामियाँना वाटलं होतं. ते रागावले नाहीत, पण भुवया वर गेल्याच. "झाडपाला म्हणजे निरुपद्रवी असं नसतं. लिव्हरसाठी रक्त तपासत राहायचं. आणि साधं क्रीम रोज लावायचं." हा निरोप लिनबाईंना सांगितला, तर त्यांनी आधी रिपोर्टच मागितला.

"चीन आणि इंडियाचं एकमत झालं," बाबामियाँ दुकानात सांगत, "तेसुद्धा माझ्या लिव्हरवर!"

पथ्य मात्र त्यांना सोसेना. एका शुक्रवारी ते एकटेच इब्रीला कासमकडे गेले. कासमच्या बायकोने कोळंबीचा पुलाव केला होता. बाबामियाँनी आधी नुसता भात घेतला. मग भाताला चिकटलेली एक कोळंबी. मग मुद्दाम चिकटवलेल्या बऱ्याच.

पुढच्या भेटीत लिनबाईंनी जीभ पाहिली आणि थंडपणे म्हणाल्या, "तू कोळंबी खाल्लीस."

बाबामियाँनी झटकन तोंड मिटलं. बाहेर आल्यावर ते सफूराला म्हणाले, "बाई साधी नाय. जिभेवर पुलाव वाचला तिने!" त्या दिवसापासून त्यांनी मासळीकडे डोळा वर करून पाहिलं नाही. कासमच्या बायकोने सफूराला फोन केला होता आणि सफूराने लिनबाईंना, हे त्यांना आजतागायत ठाऊक नाही.

हळूहळू, अगदी गोगलगायीच्या चालीने, फरक पडू लागला. उन्हाळा सरला, हवा कोरडी झाली. बोटांच्या चिरा भरून आल्या, मनगटं मऊ पडली. डाव्या कोपरावरचा एक चट्टा तेवढा हटून बसला. पण बाबामियाँ खाजवायचं विसरायला लागले. हे आधी त्यांच्या नव्हे, सफूराच्या लक्षात आलं, कारण जेवताना घर एकदम शांत वाटू लागलं होतं.

एका सकाळी त्यांनी मोठ्या दिमाखात उघड्या हातांनी दुकान लावलं. पहिलीच बाई नेहमीची. तिने त्यांचे हात पाहिले, ऊद पाहिला आणि ओठ काढले. "माल बदललात वाटतं. उघड्या हाताने धरताय, म्हणजे स्वस्तातला असणार." आणि चक्क निघून गेली. दुसरीही तशीच.

दुपारी अर्बाब आले. "मोजे घाल."

"अर्बाब, हात बरे झाले माझे!"

"अल्हम्दुलिल्ला," अर्बाबांनी मनापासून त्यांची गळाभेट घेतली. "आता मोजे घाल."

लिनबाईंनीही हेच सांगितलं. अत्तराचा थेंब हाताला नको, तर मोजे उत्तमच.

हात कशाने सुधारले यावर घरात अजून एकमत नाही. लिनबाई म्हणतात, रुतूबा गेली. स्किनचे डॉक्टर म्हणतात, अत्तर सुटलं आणि क्रीम नेमाने लागलं, काढ्याचंही काही असेल, नसेल. सफूरा दोघांचंही ऐकून घेते आणि म्हणते, "आणि चुलीपाशी उभं कोण होतं?" बाबामियाँ तिघांचंही खरं मानतात. दुकानदार माणूस, त्यांना कुणालाच दुखवायचं नसतं.

काढा बंद झाल्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी ते आरामात सोफ्यावर पडले होते. सफूराने आतून हाक मारली. परातीत तांदळाची उकड वाफाळत होती.

"हात बरे झाले ना? मग मळा."

"मी?"

"इतकी वर्षं चिरांना पीठ झोंबतं म्हणून तुम्हाला सोडलं. आता काय झोंबतंय?"

बाबामियाँनी जीभ चालवून पाहिली. मग बाह्या सरसावल्या आणि परातीशी बसले. उकड गरम होती, हाताला चिकटत होती. एकदा ते "हाय अल्ला" म्हणाले, पण ते नुसतं भाजल्यामुळे. अफशा दारात उभी राहून मोबाइलवर फोटो काढत होती. त्यांनी थापलेली भाकरी एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला फाटकी झाली. सफूराने ती तव्यावर टाकली, उलटली, फुगायची वाट पाहिली. ती फुगली नाही.

"ही कोण खाणार?" बाबामियाँनी विचारलं.

"मी," सफूरा म्हणाली आणि दुसरा गोळा त्यांच्यापुढे सरकवला.