सोनीच्या नावाची लायब्ररी पाहून आले

सगळ्यात आधी कोण येऊन बसलं, तर तारा! साडेसातला निघायचं ठरलेलं आणि ही सातलाच माझ्या ओट्यावर हजर, पैठणी नेसून, अबोलीचा भला मोठा गजरा माळून. "काकी, तुमचा अजून चायच चाललाय?" तिच्या सासूच्या नावाची लायब्ररी बघायला जायचं होतं, मग मिरवणार कोण? तीच.

तिची सासू सोनाबाई, म्हणजे माझी सोनी. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण लागते. ती धवले गाऊन एकेक विधी पुढे नेते, तेव्हा कुठे लग्न लागतं. सोनी पुढे गायची, मी मागून ओळ झेलायची. तीस वर्षं! आणि पनवेलच्या कॉलेजने लायब्ररीला नाव दिलं तिचं. अंगठ्याशिवाय सही येत नव्हती हो तिला. मी निदान तिसरी पास. हे लिहितेय तेही मीच, त्या कॉलेजात शिकणारी माझी नात श्रुती फक्त कॉम्प्युटरवर चढवते.

चिरनेरच्या नाक्यावरून एसटी धरली. वाटेत कंटेनरच्या रांगा लागतात, तुम्ही जाणार असाल तर तासाचे दोन तास धरा. मला वयामुळे अर्धं तिकीट, ताराला पूर्ण. तिथे मात्र मी जिंकले. पनवेलला स्टँडजवळ मिसळ खाल्ली, पस्तीस रुपये, वर तर्री फुकट. पैठणीवर डाग नको म्हणून तारा नुसता पाव चघळत बसली. माझी साडी जुनी, मी दोनदा तर्री घेतली.

आता लायब्ररी. मला वाटलेलं असेल एखादी खोली, दोन कपाटं. कसलं काय! जांभ्याच्या चिऱ्यांच्या उघड्या भिंती, वर मंगलोरी कौलं. तिथे पूर्वी सोनीच्या माहेरचं भाताचं कोठार होतं. तिच्या भावाने जागा कॉलेजला दिली, बांधणाऱ्यांनी कोठाराचं दगडी जोतं आणि सागाचे चार खांब तसेच ठेवले. त्यामुळे वाचायची खोली अगदी लग्नाच्या मांडवासारखी दिसते. मधलं छप्पर उंच उचललंय, वरच्या तावदानांतून उजेड थेट टेबलांवर पडतो. पंखा नसतानाही गार. आणि जमिनीवर मधोमध पांढऱ्या फरशीचा चौक बसवलाय, आम्ही मांडवात तांदळाच्या पिठाने काढतो तसाच. पोरं बूट घालून त्यावरून जातात. मी चप्पल काढली. पण मांडवात चौक काढायची मी. सोनीला सरळ रेघ जमत नव्हती, आणि भिंतीवर हार घातलेला फोटो तिचा.

तिथल्या मॅडमनी माझ्या कानाला यंत्र लावलं. सोनी असताना कॉलेजचे एक सर तिच्या अंगणात टेप घेऊन आले होते, त्याचीच सीडी. आधी सोनीचा आवाज आला आणि मागून माझा! मी मोठ्याने हसले, वाचणाऱ्या पोरांनी माना वर केल्या. मग मॅडमनी सीडीवरचा कागद वाचून दाखवला. 'धवलारीण सोनाबाई, मागे शेजारीण.'

"शेजारीण? अहो, ती मी!"

"पण आजी, सरांनी टेपवर विचारलंय, मागे कोण गातंय? तर सोनाबाईच म्हणतात, शेजारीण हाय एक."

एक! सोने, इतकी लग्नं आपण दोघींनी लावली आणि मी शेजारीण एक?

मॅडमनी ताराकडे बघितलं. घरचं माणूस बोलेल ते खरं. तारा गजरा चाचपत उभी. ही कशाला सासूच्या नावात वाटेकरी आणेल, मी मनात म्हटलं, चल बाई, संपलं तुझं.

"मॅडम, हीच ती," तारा म्हणाली. "सासूचा आवाज बसला का हीच फुडं गायची. सासूला कबूल करवत नव्हतं, येवढंच हाय."

मॅडमनी लगेच विचारलं, "मग आजी, हळदीच्या पुढचे धवले येतात तुम्हाला? आमचं रेकॉर्डिंग तिथेच थांबलंय. पुढे सोनाबाई आजारी पडल्या."

"येतात म्हणजे? वरात उंबऱ्याच्या आत घेईस्तोवर येतात!"

जायचं तर रविवार सोडून जा. पैसे पडत नाहीत, ओळखपत्र दाखवून वहीत नाव लिहायचं.

घरी येऊन चार दिवस झाले नाहीत तोच मॅडम रेकॉर्डिंग करायला एका विद्यार्थिनीला घेऊन आमच्याकडे आल्या. आधी माझं नाव लिहून घेतलं, बापाचं आणि नवऱ्याचंसुद्धा. तारा मागून झेलायला बसली. दोनदा चुकली, दोनदा मी डोळे वटारले.

सोनीचा हेवा गेला म्हणाल, तर नाही गेला. एवढी इमारत तिची, माझं नाव कागदावर. पण ती गेल्यापासून तिच्याशी इतकं बोलले नव्हते, आता रोज मनात भांडते. सीडीवरचं तिचं लग्न हळदीवर अडलं होतं, नवरी मांडवात मी आणली. वरात तेवढी राहिलीय. मंगळवारी सकाळी दहाला येतो म्हणून सांगून गेल्यात दोघी.