नव्या मशीनला नारळाचं पाणी

सर्जेराव गेल्याचा फोन त्यांच्या मुलाने केला, तेव्हा मी तासगावात बेदाण्याच्या शेडवर होतो. “काका, बाबा गेले,” एवढंच तो म्हणाला. माझ्या मनात पहिला विचार आला तो लाज वाटावी असा... आता खरं माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी आम्ही दोघं पाचगणीत एका शेठच्या खेळघरात होतो. मी टोकन द्यायचो, सर्जेराव मशीन सांभाळायचे. ते कुंडलचे. फौजेत वायरलेस दुरुस्त करून पेन्शनवर आलेले. आमच्याकडे स्प्रिंगने गोळी उडवायची पिनबॉल मशीन एकच होती, जुनी. गोळी सुटली की आत खरीखुरी घंटा वाजायची, गुणांचे आकडे खटखट फिरायचे. बिघडली की सर्जेराव लाकडाला कान लावायचे आणि नेमका बिघडलेला रिले, म्हणजे आतला विजेचा खटका, काढून दाखवायचे. रविवारी बोर्डिंगची पोरं गोळी वळावी म्हणून मशीनला ढुशा द्यायची. सर्जेराव त्यांना रागवायचे, आणि कुणी नसलं की स्वतःही द्यायचे!

मग शेठने मुंबईहून नवी आणली. तिच्यात लाल दिव्यांचे आकडे, घंटेऐवजी पिकपिक, आणि गुण थेट लाखांत. मी तिला नावं ठेवायचो. सर्जेराव नाही. “नवी लय हुशार हाय गड्या, पण दुखतंय कुठं ते बोलत न्हाई,” म्हणायचे, आणि तिचं इंग्रजी पुस्तक डिक्शनरी घेऊन वाचत बसायचे. शेठ त्यांना तिची दुरुस्ती शिकायला मुंबईला धाडणार होता. चाळिशीला टेकलेला माणूस, पण नव्या दप्तराच्या पोरासारखा हरखला होता.

खंडेनवमी आली. जुन्या मशीनची दरवर्षी पूजा व्हायची. हळदकुंकू लावायचं, पायाशी नारळ फोडायचा, त्याचं पाणी तिच्यावर शिंपडायचं. सर्जेराव झेंडूच्या माळा आणायला बाजारात गेले. जाताना बजावून गेले, की नवीला फक्त फूल वाहा, तिचं मागचं झाकण साफसफाईला उघडं आहे. पण मी कसला ऐकतोय! दोघींना सारखा मान नको का? ओंजळभर पाणी घेतलं आणि सुरू असलेल्या नव्या मशीनवर शिंपडलं. चर्र झालं, जळका वास आला, दिवे गेले.

त्याच क्षणी सर्जेराव आत आले. हातात झेंडूच्या माळा. त्यांनी माझे ओले हात पाहिले. मग वासाने शेठ धावत आला, तसे मी हात पाठीमागे घेतले.

“शेठ, पाणी मीच शिंपडलं,” सर्जेराव म्हणाले.

मुंबई राहिली, नोकरीही गेली. एसटी स्टँडवर मी रडायला लागलो, तर मलाच समजावलं, “मला पेन्शन हाय. तुझ्या घरात पाळणा हलायचाय. गप ऱ्हा.” आणि मी गप राहिलो. आधी भीतीने, मग सवयीने. ते कुंडलला मोटारी दुरुस्त करत राहिले. पुढे शेठने जुनी मशीन भंगारात काढली, ती त्यांनी घरी आणली. मी गेलो की आम्ही डाव टाकायचो. त्या दिवसाचा विषय त्यांनी कधी काढला नाही, मलाही काढू दिला नाही.

परवा कुंडलला गेलो. सोप्यात मशीन चादरीखाली होती. चहा देताना वहिनी म्हणाल्या, “एवढा शाणा माणूस, पण पाणी शिंपडायची अवदसा आठवली. दर खंडेनवमीला मी ह्यांना बोलायचे. ते आपलं हसायचे.”

म्हणजे घरातसुद्धा सांगितलं नव्हतं. मी कप खाली ठेवला. “वहिनी, ते पाणी मी शिंपडलं होतं,” मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं.

वहिनींनी माझा कप बाजूला सारला. मग उठल्या, मशीनवरची चादर काढली आणि काचेवर हात ठेवला.

“आवं भावजी,” त्या हळूच म्हणाल्या, “मग इतकी वर्सं मी कुणाला बोलत हुते?”