पुलावर न थांबलेली गाडी

दारावर लिंबू-मिरची टांगणाऱ्यांना मी मूर्ख म्हणतो, तोंडावर म्हणतो. जळगावात माझा लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचा धंदा होता. कॅमेऱ्यात दिसतं तेवढंच खरं, असं मानणारा मी माणूस. त्यामुळे हे लिहिताना माझीच मला लाज वाटतेय.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. माझे दाजी – धुळ्यात गुरांच्या सरकी-ढेपेचं दुकान, अक्कलही त्याच मालाची – मुंबईहून एक परदेशी शॉर्ट फिल्म पाहून आले. भल्या सकाळी गाडीच्या नाकावर कॅमेरा बांधून कुणीतरी पॅरिसच्या रस्त्यांवरून सुसाट जातो. सिग्नल तोडतो, कुठेच थांबत नाही, एकही कट नाही. झालं... दाजींना धुळ्याचं पॅरिस करायचं होतं. तेही जुन्या फियाटमध्ये, जिची दारं साठच्या पुढे खडखडायची. मी नाही म्हणायला हवं होतं. पण तो शॉट मलाही काढून बघायचा होता – मूर्खांत माझाही नंबर.

उजाडताच धुळ्याच्या देवपुरातून निघालो. कॅमेरा बॉनेटवर, खाटेच्या नवारीच्या पट्टीने आवळलेला. पांझरेच्या पुलावर टोपीवाला एक म्हातारा एकदम समोर आला. दाजींनी करकचून ब्रेक दाबला. माझं कपाळ डॅशबोर्डवर आपटलं. गाडी हातभर अंतरावर थांबली. म्हातारा शांतपणे दाजींच्या खिडकीशी आला.

"इतली घाईमा कोठे चालनात, भाऊ?"

"मरायचंय तर नदीत जा," दाजी म्हणाले. "शॉटची वाट लावलीस."

तो बाजूला झाला. आम्ही पुढे निघालो.

दाजींच्या घरी कॅसेट लावली. पूल आला... आणि गेला. गाडी थांबलीच नाही. म्हातारा नाही. कठड्याचे खांब त्याच वेगाने मागे पळतायत, इंजिनाचा आवाज क्षणभरही उतरत नाही.

"कॅमेरा अडकला असेल," दाजी म्हणाले. कळत ओ की ठो नाही, मत मात्र ठाम.

"अडकला असता तर चित्र उडालं असतं." मी कॅसेट थांबवली. "दाजी, आपण खरंच थांबलो नसू तर... त्या म्हाताऱ्याचं काय झालं?"

दाजींनी कॅसेट मागे घेऊन पूल पुन्हा बघितला. पण पुलावर परत जायचं म्हटल्यावर त्यांना दुकान आठवलं. मी एकटाच गेलो. पुलाच्या तोंडाशी चहाची गाडी होती. इथे सकाळी कुणाला धक्का लागला का, विचारलं.

"सकायपासून मी आठेच शे," चहावाला पायाखालच्या जागेकडे बोट दाखवत म्हणाला. "एक फियाट सुसाट गई. थांबनी नही. म्हतारा कोनी नही व्हता."

सरकारी दवाखान्यातही विचारून आलो. कुणालाच आणलं नव्हतं. माझ्या कपाळाचं टेंगूळ मात्र आठवडाभर होतं. मी धुळ्यात होतो तोवर बहीण त्यावर रोज हळद लावायची.

कॅसेट नंतर कितीदा पाहिली, मोजलं नाही. आत्मा-बित्मा म्हणणाऱ्यांचं मला अजून हसूच येतं. दाजी मात्र त्या पुलावर आता दरवेळी गाडी थांबवतात, काच खाली करतात आणि वाट बघतात. मागचे ट्रकवाले शिव्या घालतात. शेजारी बसून मी मनात म्हणतो, काय हा मूर्खपणा.

पण "चला" म्हणत नाही. मीही त्यांच्या खिडकीकडे बघत असतो.